तीन नरसाळ्यांची वाल्बोर्ग

गावात अशी वदंता आहे की वाल्बोर्ग चुन्याच्या कारखान्यातल्या धूळकोठीखाली जाऊन आपल्या मेलेल्या नवऱ्याशी भांडते. पोस्टमननं स्वतःच्या कानांनी ऐकलंय म्हणे. तो टपाल घेऊन कारखान्यावर गेला होता, आणि कोठीच्या पोटाखालून आवाज आला, "तूरे! ए तूरे! पुन्हा पोट फुगवून बसलास? ओक आधी, मग बोल!" पोस्टमननं टपाल फाटकात टाकलं, सायकलला टांग मारली आणि मागं वळून पाहिलं नाही. ही गोष्ट सांगताना तो आवाज घोगरा काढतो, पण ते काही खरं नाही. वाल्बोर्गचा आवाज रिकाम्या बादलीत गारगोट्या टाकल्यासारखा आहे. मला काढता येतो. ती माझी सख्खी मावशी, आणि तिच्या आवाजावर आमच्या घराण्यात माझ्याइतकी मेहनत कुणी घेतलेली नाही.

तर खरी गोष्ट अशी. तूरे हे तिच्या नवऱ्याचं नाव, हे खरं. तो वारला, हेही खरं. आणि ती रोज तूरेशी भांडते, हे तर अगदी खरं. फक्त हा तूरे म्हणजे लोखंडाचं नरसाळं आहे.

कारखान्यात चुनखडीचा दगड भाजणारी लांबलचक भट्टी आडवी पडून गोल गोल फिरत असते, आणि तिच्यातला गरम वारा दगडाचं पीठ पोटाशी धरून धुराड्याकडे पळत सुटतो. भट्टी आणि धुराडं यांच्या मध्ये विटांची कोठी आहे. तीच धूळकोठी. अरुंद वाटेनं धावत आलेला वारा एकदम त्या ऐसपैस जागेत येतो आणि त्याचा जोर ओसरतो. प्रवचन संपल्यावर चर्चच्या दारातून रेटारेटी करत निघालेली माणसं अंगणात पोचली की कशी आपसूक रेंगाळायला लागतात, तसंच. वारा रेंगाळला की धूळ उचलून धरायचं त्राण त्याच्यात राहत नाही. जाड धूळ दाराशीच बसकण मारते, मधली मधे, आणि बारीक पार पलीकडच्या भिंतीपाशी. खाली तीन नरसाळी आहेत, त्यांत ती गोळा होते. चुकार थोडी धुराड्यातून जातेच, पण ती एवढ्या उंचावरून जाते की समुद्रानं तिचं काय ते बघावं.

"पृथ्वी ओढते, धूळ पडते," वाल्बोर्ग म्हणते. "अशी कामगार शोधून मिळायची नाही. सुट्टी मागत नाही, संपावर जात नाही आणि कॉफीला गेली की तासभर गायब होत नाही." शेवटचं वाक्य ती आल्गोटकडे बघून म्हणते. आल्गोट भट्टी चालवतो.

तिन्ही नरसाळ्यांना तिनं नावं ठेवलीत. पहिल्यात जाडंभरडं येतं आणि ते सारखं तुंबतं, म्हणून तो तूरे. "जेवणावर पहिला हात मारायचा आणि मग हूं की चूं नाही," असं ती म्हणते, आणि हे म्हणताना त्या नरसाळ्याच्या पत्र्यावरून हात फिरवते, ते मात्र पोस्टमननं पाहिलेलं नाही. दुसरं नरसाळं पाद्री, कारण ते एका लयीत घरंगळत राहतं आणि ऐकणाऱ्याला झोप येते. तिसऱ्यात येते ती पिठाहून बारीक धूळ, जी नुसती फुंकर घातली तरी फणकाऱ्यानं उठून तोंडावर येते. त्या नरसाळ्याचं नाव एब्बा.

एब्बा म्हणजे तिची धाकटी बहीण. म्हणजे माझी आई. आईला हे ठाऊक नव्हतं.

वाल्बोर्ग आधी कारखान्याच्या खानावळीत होती. गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक, उरलेले दिवस हेरिंग मासे आणि बटाटे. कोठी तूरे सांभाळायचा. तो गेल्यावर ती जागा कुणालाच नको होती, कारण भट्टीवाल्याकडे आग असते, आगीकडे पाहुणे येऊन बघतात. कोठीवाल्याकडे धूळ असते. वाल्बोर्गनं डाव ठेवला आणि लाकडी हातोडा उचलला.

"बाईमाणसाचं काम नाही हे," साहेब म्हणाले होते.

"धूळ काढणं बाईमाणसाचं काम नाही?" वाल्बोर्ग म्हणाली. "एवढं आमच्या आईला सांगायला हवं होतं हो कुणीतरी."

ती हातोड्यानं नरसाळं ठोकते आणि कान लावते. भरलेलं नरसाळं पावाच्या गोळ्यासारखं मऊ बोलतं, रिकामं घंटेसारखं. मग खालची झडप उघडायची, धूळ गाड्यात घ्यायची, झडप लावायची. दिवसभर हेच. एखादी कंटाळली असती. वाल्बोर्ग गप्पा मारते.

आता तिचा एक दोष सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपलं चुकलं असं ती कधी म्हणत नाही. विस्बीला जायचं म्हणून एकदा ती स्लीटेच्या बसमध्ये बसली. स्लीटेला उतरल्यावर म्हणाली, "मला इथंच यायचं होतं." मग तिथं येण्याचं काहीतरी कारण हवं म्हणून तिनं बूट घेतले, ते घट्ट निघाले, तर म्हणाली, "समुद्रकाठच्या हवेनं पाय वाढतात." आम्ही राहतो तेही समुद्रकाठीच. ते बूट ती अजून वापरते, आणि चालताना तिचा चेहरा कसा होतो तेही मला काढता येतं.

आमचं घर कारखान्यापासून वाऱ्याच्या वाटेवर आहे. आई आयुष्यभर खिडक्यांच्या चौकटी पुसत आली. त्या वर्षी माझी बहीण मोआ हिचं लग्न ठरलं, आणि आईच्या मनात आलं की जेवण अंगणात, सफरचंदाच्या झाडांखाली व्हावं, आणि टेबलावर आजीनं विणलेलं तागाचं लांब कापड अंथरावं. ते कापड पेटीतून बाहेर निघालं की आई हात धुऊन येते. मी कापडाजवळून चालले तरी ती म्हणते, "लांबून!"

बेत ऐकल्यावर वाल्बोर्ग आमच्या स्वैपाकघरात कॉफी पीत म्हणाली, "खुशाल अंथर. माझ्या कोठीतून कण यायचा नाही."

"तुझ्या कोठीचं मला सांगू नकोस," आई म्हणाली. "त्यापेक्षा विस्बीत एखादा हॉल घेते."

"हॉल? मोआचं लग्न चार भिंतींत? अगं, तुझं कापड बर्फासारखं राहील. शब्द देते."

"आणि पडली धूळ तर?"

"तर मला या अंगणात पाय ठेवू देऊ नकोस."

"लग्नाच्या दिवशीही?"

"लग्नाच्या दिवशीही."

"ठरलं," आई म्हणाली आणि तिनं वाल्बोर्गचा अर्धा भरलेला कप उचलून धुवायला टाकला. आमच्याकडे करारावर असाच शिक्का मारतात.

वाल्बोर्गला मूलबाळ नाही. मोआला चालायला तिनं शिकवलं, सायकल तिनं शिकवली आणि वार्पाही तिनंच. वार्पा म्हणजे चपटा दगड लांबवर रोवलेल्या खुंटीजवळ टाकायचा खेळ. दगड असा सोडायचा की तो जमिनीवर बसला पाहिजे, घसरता कामा नये. आमच्या बेटावर हे ज्याला येत नाही त्याला लोक मुख्य भूमीवरचा समजतात. तर त्या लग्नाच्या जेवणात वाल्बोर्ग नसती, तर नवरीच्या उजव्या हाताची खुर्ची रिकामी राहिली असती. तिलाही ते ठाऊक होतं. तिनं खोलवर विचार करून शब्द दिला नव्हता, पण दिला होता.

लग्नाची बिअर अर्थातच तिच्याकडे. आमची घरची बिअर, ड्रिका, वाल्बोर्गसारखी कुणाला साधत नाही. आधी जवाला मोड आणायचे, मग ते वाळवायचे, मग बर्चच्या लाकडाचा धूर द्यायचा. त्या वर्षी तिनं लग्नाच्या मानानं जव भिजत घातले, आणि आई विचारायला आली तर तिला दारातूनच परतवलं, "माझं बघू नकोस. तू आपलं कापड बघ."

आईनं कापड बघितलं. तागाचं कापड उजळावं म्हणून वसंतात आम्ही ते गवतावर पसरतो, दंव आणि ऊन आपलं काम करतात. आईनं सकाळी बाहेर जाऊन बघितलं तर कापडावर पिठासारखा थर, आणि दंवानं त्याची खपली झालेली. मी स्वैपाकघरात होते. आईचा आवाज ऐकून शेजारच्या मेंढ्या कुंपणापाशी गोळा झाल्या.

आई कापडाचं बोचकं काखोटीला मारून तशीच कारखान्यावर गेली, पायात लाकडी खडावा. "हे बघ! हा तुझा बर्फ!"

वाल्बोर्गनं कापड पाहिलं आणि ती खरंच पांढरी पडली. पण तोंड आपल्या सवयीनं आधीच चालू झालं होतं. "ही भट्टीची धूळ. आल्गोट वारा फार सोडतो. आल्गोट! ए आंधळ्या! तुला भट्टी चालवायला ठेवलंय की वादळ आणायला?"

आल्गोट वरून वाकला. त्याला बोलायची घाई कधीच नसते, एकेक शब्द तो शेतातून दगड काढावा तसा काढतो. "वारा... तेवढाच आहे... बाई. तुझा... तूरे बघ."

"तूरेच्या वाटेला जाऊ नकोस!"

"लग्नाला अजून अवकाश आहे," आई म्हणाली. "कापड मी धुईन. पण पुन्हा पडली तर तुझाच शब्द, वाल्बोर्ग. मी मोआला काय सांगायचं ते सांगेन." आणि ती गेली. रागानं गेली असती तर बरं झालं असतं. जाताना तिचे डोळे भरलेले होते.

पुढच्या दिवसांत धूळ येतच राहिली. वाल्बोर्ग कोठीभोवती घारीसारखी फिरली, विटांच्या फटी मातीनं बुजवल्या, आल्गोटला पंचवीस नावं ठेवली. गावानं दोन तट केले, आणि बहुतेक जण वाल्बोर्गच्या बाजूचे, कारण ड्रिका तिच्याकडे होती. आल्गोट दुकानात गेला की लोक त्याच्या पाठीवरून हात फिरवून बोटं फुंकायचे. वार्पाच्या मैदानावर यायचाच तो थांबला.

मैदानावर मी तिला विचारलं, "मावशी, आणि चूक तुझीच निघाली तर?"

"तर तसं सांगेन. सगळ्यांसमोर."

"तू? तुझा सगळा आवाज माझ्या घशात आहे. तूरेवरचं ओरडणं, बूट चावताना हसणं, सगळं. 'माझं चुकलं' एवढंच त्यात नाही. तू ते कधी म्हणालेलीच नाहीस, मी शिकणार कुठून?"

"पैज?"

"पैज. नाही म्हणालीस तर लग्नात मी तुझी हॅट घालून सगळ्यांसमोर तुझी नक्कल करणार."

"आणि म्हणाले तर मी तुझी," वाल्बोर्ग म्हणाली आणि तिनं दगड सोडला. तो खुंटीला टेकून बसला.

मग ती कोठीवर गेली आणि जे तिनं आधीच करायला हवं होतं ते तिनं केलं. तिनं आल्गोटला शिव्या देणं थांबवलं आणि हातोडा घेऊन ऐकलं. तूरे मऊ बोलला, भरलेला. पाद्री मऊ बोलला. एब्बा घंटेसारखी वाजली.

एब्बा रिकामी? बारीक धूळ तर रोज येते. तिनं पुन्हा ठोकलं. पुन्हा घंटा. तुंबलेल्या नरसाळ्याचं तिला भय नव्हतं, पण जे नरसाळं भरतच नाही, त्याचा माल जातो कुठं?

एब्बाच्या बाजूला, माणूस आत वाकेल एवढं, साफसफाईचं एक लोखंडी दार आहे. त्या दारासमोर वाल्बोर्गनं मांडून ठेवले होते लग्नाचे जव.

हे कारखान्यातले सगळेच करतात. धुराडं कोठीतली हवा ओढत असतं. दार बोटभर उघडलं की बाहेरची हवाही आत ओढली जाते, आणि दारासमोर मोड आलेले जव ठेवले, तर ती त्यांच्यामधून जाता जाता ओल घेऊन जाते. कोठीची भिंत शेकायला आहेच. अशी वाळवणारी दुसरी कुठली चूल नाही. जुने भट्टीवाले आपल्या परातभर जवासाठी हेच करत आले, आणि बोटभर फटीनं कोठीचं कधी काही बिघडलं नाही. पण ही होती एका लग्नाची बिअर. परातीवर परात, परातीवर परात, आणि दार बोटभर कसलं, सताड उघडं.

ती वाकून बघत उभी राहिली. जवाचे सुकलेले कोंब सुटून हवेत उठत होते आणि सुर्रकन दारातून आत जात होते. आत वारा शांत झाला, धूळ खाली येऊन बसली, की खालून ही नवी हवा घुसायची आणि तिला उचलून थेट धुराड्यात नेऊन सोडायची. कोंबांबरोबर. एब्बाला तिनं स्वतः उठवून बहिणीच्या कापडावर पाठवलं होतं, बहिणीच्याच मुलीच्या लग्नाच्या बिअरपायी.

वाल्बोर्ग उलट्या बादलीवर बसली.

दार लावून गप्प बसली असती तर काम झालं होतं. धूळ थांबली असती, सगळे म्हणाले असते की आल्गोटला बोलणी बसली म्हणून तो सुधारला, कापड पांढरं राहिलं असतं, खुर्ची तिची राहिली असती. पुढं तिनं मला सांगितलं की तिनं दार लावलं आणि तूरेला विचारलं, "काय करू?" तूरे हूं की चूं नाही. "मेल्यानं जन्मात एकदा तरी उत्तर द्यायचं," ती म्हणाली.

मिडसमरला, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात लांब दिवसाच्या सणाला, अख्खं गाव कुरणावर जमतं. फुलापानांनी मढवलेला उंच खांब सगळ्यांनी मिळून उभा करायचा, हेरिंग आणि नवे बटाटे खायचे, आणि मग मोठ्या माणसांनीही बेडकासारख्या उड्या मारत खांबाभोवती नाचायचं. खांब उभा राहिला, फिडल वाजवणाऱ्यानं गज उचलला, आणि वाल्बोर्ग मधे जाऊन उभी राहिली. चावऱ्या बुटांत.

"थांब रे जरा," ती त्याला म्हणाली. "आल्गोट कुठाय?"

आल्गोट पार मागं कुंपणाला टेकून उभा होता. "इथं... आहे. आता... काय केलं मी?"

"काही नाही केलंस. तेच सांगतेय. वारा तेवढाच होता. दार मी उघडं टाकलं, जव वाळवायला. धूळ माझ्या हातानं उडाली." ती थांबली. मी तिच्या गळ्याकडे बघत होते, मला वाटलं आता ती समुद्रकाठच्या हवेचं काहीतरी सांगेल. "माझं चुकलं," ती म्हणाली. अगदी बारीक आवाजात. गारगोट्या नाहीत, बादली नाही. तो आवाज मी आधी ऐकलाच नव्हता.

मग आल्गोट म्हणाला, "पुन्हा... म्हण. मागं... ऐकू नाही आलं."

"माझं चुकलं, बहिऱ्या!" या वेळी बादलीसकट. लोक हसले, आणि आल्गोट कुंपण सोडून पुढं आला.

पण आई हसली नाही. "कुठल्या दाराशी?" तिनं विचारलं.

"तिसऱ्या."

"तिसऱ्या म्हणजे... एब्बाच्या," आल्गोटनं मदत केली.

"कुणाच्या?"

वाल्बोर्गनं आकाशाकडे पाहिलं. मग तेही सांगितलं. सगळ्यात बारीक, सगळ्यात हलकी, फुंकर घातली की तोंडावर येणारी. सांगून झाल्यावर आईचे ओठ थरथरले, आणि ते रागानं नव्हे, हसू दाबताना, हे समजायला मला एक क्षण लागला. पण आईसुद्धा त्याच घरची. दिलेला शब्द तीही कधी मागं घेत नाही, आणि दुसऱ्याचा शब्दही त्याला परत देत नाही.

"शब्द तो शब्द," ती म्हणाली. "माझ्या अंगणात पाय नाही."

"नाही," वाल्बोर्ग म्हणाली. "नाहीच." आणि मान खाली घालून तिनं फिडलवाल्याला खूण केली. त्या दिवशी सगळ्यांच्या बेडूकउड्या जरा अवघडल्यासारख्याच पडल्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी आईनं मोआला आणि मला हाक मारली. "टेबलं उचला."

"कुठं न्यायची?"

"अंगणाबाहेर. अंगणात तिला पाय ठेवता येत नाही ना? मग जेवण अंगणात नको."

"पण मग कुठं?"

"वार्पाच्या मैदानावर."

मैदान कारखान्याला लागून आहे, धुराड्याच्या थेट पायथ्याशी. सबंध गावात पांढरं कापड अंथरायला त्याहून वाईट जागा नाही. लग्नाच्या दिवशी आईनं तिथं आजीचं कापड पसरलं, स्वतःच्या हातानं कोपरे सरळ केले, आणि मग कोठीच्या दिशेनं, वाल्बोर्गलासुद्धा लाजवेल अशा आवाजात ओरडली, "एब्बा! ए एब्बा! खाली बसून राहायचं हं!"

कोठीखालून हातोड्याचा एक ठोका आला. मऊ. पावाच्या गोळ्यासारखा.

जेवण लांबलं. केशराचा पॅनकेक झाला, ड्रिकाचं पिंप उघडलं, आल्गोटनं पहिला घोट घेऊन बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "चुन्याची... चव नाही." कापडावर रानबेरीच्या मुरंब्याचा डाग पडला, नवरदेवाकडून. वरून काही पडलं नाही. भट्टी चालू होती, धुराडं चालू होतं, आणि आई मधूनच तळहात कापडावरून फिरवायची, बोटं बघायची, आणि वाल्बोर्गच्या ताटात आणखी एक बटाटा वाढायची.

मग मोआच्या उजव्या हाताच्या खुर्चीवरून वाल्बोर्ग उठली. तिनं माझी टोपी माझ्या डोक्यावरून काढून आपल्या डोक्यावर उलटी घातली, खांदे पाडले, एक पाय दुसऱ्यावर टाकला, आणि नाकातून म्हणाली, "मला काढता येतो. तसा नाही हो, तो पोस्टमन काढतो तो काही खरा नाही."

मोआ खुर्चीवरून घसरली. आईनं डोळे आजीच्या कापडाला पुसले, स्वतः. आल्गोटनं कधी नव्हे ते घाईनं "पुन्हा!" म्हटलं. पैज हरले म्हणून मला गप्प बसावं लागलं, आणि मी बसले. तिनं ते तीनदा केलं, आणि दर खेपेला आधीपेक्षा हुबेहूब.